‘आई’च्या सावलीत राहिलेली कोकी
रीमा लागू : छोट्या पडद्यावरील विनोदाचा एक लखलखता अध्याय

राजारामपुरी (कोल्हापूर) : क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरीच्या गल्ल्यांतील घरांवर १९९० च्या दशकाच्या मध्यावर दोन जगे एकत्र नांदत होती. गच्चीवर दूरदर्शनची अँटेना अजून उभी होती आणि तिच्या शेजारून केबलची काळी तार एका घरावरून दुसऱ्या घरावर जाऊ लागली होती. अँटेना आणि तार या दोन्ही वाटांनी मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात त्या वेळी दोन गृहिणी आल्या. एकीचे नाव कोकिला ऊर्फ कोकी कुलकर्णी, दुसरीचे देवकी वर्मा. एक नवऱ्याच्या भानगडींनी हैराण झालेली, तर दुसरी सुनेशी रोज नव्याने दोन हात करणारी. दोघींचा चेहरा एकच होता, रीमा लागू यांचा.

१८ मे २०१७ रोजी रीमा लागू यांचे मुंबईत हृदयविकाराने निधन झाले, तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी ‘पडद्यावरची आई गेली’ अशाच शब्दांत त्यांना निरोप दिला. ते खोटे नव्हते. पण अपुरे मात्र होते. चित्रपटांनी त्यांना आई म्हणून कथानकाच्या कडेला उभे केले. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी मात्र त्यांना कथानकाच्या मध्यभागी आणले. मराठी रंगभूमीवर घडलेल्या या अभिनेत्रीचा पूर्ण आवाका घरोघरच्या प्रेक्षकांना दिसला तो याच मालिकांतून. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना या विनोदी भूमिकांना तळटीपेत जागा देऊन भागणार नाही.

नयन भडभडे ते रीमा लागू

रीमा यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८ चा. आई मंदाकिनी भडभडे याही रंगभूमीवरील अभिनेत्री. त्यामुळे नाटकाच्या तालमी, पाठांतर, रंगपटातील लगबग हे सारे या मुलीला घरातूनच मिळाले. ‘बेबी नयन’ या नावाने त्यांनी बालकलाकार म्हणूनही काम केले. शालेय शिक्षण पुण्यातील हुजूरपागा शाळेत झाले आणि त्यानंतर त्या व्यावसायिक अभिनयाकडे वळल्या.

मात्र अभिनयावर घर चालेल, अशी त्या काळच्या मराठी नटनट्यांची परिस्थिती नव्हती. मुंबईतील अनेक रंगकर्मींप्रमाणे रीमा यांनीही बँकेची नोकरी धरली. युनियन बँक ऑफ इंडियात त्यांनी सुमारे दहा वर्षे नोकरी केली. मुंबईच्या मराठी नाटकाचा इतिहास लिहिताना बँकांचे ऋण मान्य करावेच लागते. आंतरबँक नाट्यस्पर्धांनी शेकडो हौशी कलावंतांना उभे राहण्यास व्यासपीठ दिले आणि महिन्याच्या पगाराने त्यांना नाटक करण्याची मुभा दिली. अभिनेते विवेक लागू हेही बँकेतलेच. त्यांच्याशी विवाह झाल्यानंतर नयन भडभडे यांची ‘रीमा लागू’ झाली. पुढे काही वर्षांनी दोघे विभक्त झाले. त्यांची कन्या मृण्मयी हिनेही याच क्षेत्रात पाऊल टाकले. २०२० मध्ये गाजलेल्या ‘थप्पड’ या हिंदी चित्रपटाच्या लेखनात तिचा वाटा आहे.

रंगभूमीचे संस्कार

रीमा यांच्या विनोदाचे मूळ शोधायचे तर गंभीर नाटकांकडे जावे लागते. जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’ नाटकात नाना पाटेकर यांच्या गुलाबरावासमोर त्यांनी अंबिका उभी केली. सत्तेच्या मस्तीत वावरणाऱ्या पुरुषाच्या अत्याचाराला बळी पडलेली आणि अखेर त्याचा हिशेब चुकता करणारी ही शिक्षिका मराठी रंगभूमीवरील अवघड स्त्रीभूमिकांपैकी एक मानली जाते. शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये तर एकाच देहात दोन स्त्रिया वावरताना दाखवायच्या होत्या. आवाजाची पट्टी, नजर आणि चाल बदलून क्षणात एका व्यक्तिरेखेतून दुसरीत जाणे, हे काम कोणत्याही रंगभूषेच्या आधाराने होत नाही. त्यासाठी शरीरावर आणि श्वासावर हुकमत लागते.

ही हुकमतच पुढे विनोदात कामाला आली. शोकात्म प्रसंगात विराम अर्धा क्षण लांबला तर प्रेक्षक तो सहन करतो; विनोदात तोच अर्धा क्षण हशा मारून टाकतो. रीमा यांना हा अर्धा क्षण कळत होता. त्यांचा आवाज काहीसा खालच्या पट्टीतला, शब्दोच्चार स्वच्छ. त्यामुळे टोमणा मारताना त्यांना ओरडावे लागत नसे. समोरच्या पात्राने मूर्खपणाचे वाक्य उच्चारल्यानंतर त्या आधी त्याच्याकडे पाहत, मग पाहणे थांबवत आणि नंतर बोलत. हसू त्या पाहण्यातच फुटलेले असे.

चित्रपटांशी त्यांचा संबंध याच काळात आला. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९), गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ (१९८०) आणि श्याम बेनेगल यांचा ‘कलयुग’ (१९८१) या वेगळ्या वाटेच्या चित्रपटांत त्या दिसल्या. १९८५ मध्ये ‘खानदान’ या हिंदी मालिकेतून त्या दूरदर्शनवर आल्या. वाट गंभीर भूमिकांचीच होती.

एकतिसाव्या वर्षी नायकाची आई

१९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’ प्रदर्शित झाला आणि त्यात रीमा जुही चावलाच्या आई झाल्या. त्या वेळी त्यांनी तिशीही गाठली नव्हती. पुढच्याच वर्षाअखेर ‘मैंने प्यार किया’ आला. त्यात सलमान खानची आई साकारताना त्यांचे वय होते ३१. पडद्यावरचा मुलगा त्यांच्यापेक्षा जेमतेम साडेसात वर्षांनी लहान होता. ‘आशिकी’ (१९९०), ‘साजन’ (१९९१), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४), ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) अशी मग रांगच लागली. ‘वास्तव’ (१९९९) मध्ये संजय दत्त त्यांचा मुलगा होता. प्रत्यक्षात दोघांच्या वयात वर्षभराचेच अंतर. गुन्हेगारीत बुडालेल्या मुलाला स्वतःच्या हाताने गोळी घालणारी ती आई मात्र त्यांनी अशा ताकदीने उभी केली, की या हिशेबाची आठवण कुणालाही झाली नाही. सहायक अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्कारासाठी त्यांना चार वेळा नामांकन मिळाले; पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

कोल्हापूरकरांना ही कथा अपरिचित वाटू नये. भालजी पेंढारकर यांच्या तालमीत, याच नगरीत घडलेल्या सुलोचनादीदींनी हिंदी चित्रपटाला त्याची सर्वांत सोज्वळ आई दिली. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंद आणि प्राण हे त्यांचे मुलगे होते. प्रत्यक्षात देव आनंद त्यांच्यापेक्षा पाच, तर प्राण आठ वर्षांनी मोठे! ४ जून २०२३ रोजी सुलोचनादीदी गेल्या, तेव्हाही ‘आई’ हाच शब्द सर्वत्र उमटला. नायिकेचे वय संपले की थेट आई, मधली वाट नाही, हा चित्रपटसृष्टीचा रिवाज. रीमा यांनी त्या आईला थोडे आधुनिक केले. त्यांची आई मुलाची मैत्रीण होती, नीटनेटकी साडी नेसणारी, हसणारी, वेळप्रसंगी नवऱ्याला दोन शब्द सुनावणारी. तरीही ती आईच होती. तिला लबाडी करण्याची, चुकण्याची, हेवा वाटण्याची, स्वतःचे हसे करून घेण्याची मुभा नव्हती. ती मुभा दिली छोट्या पडद्याने.

‘श्रीमान श्रीमती’ : शेजारधर्माची गंमत

मराठी प्रेक्षकाला घरगुती विनोदी मालिका नवी नव्हती. मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ची आठवण ताजी होती. १९८४ मध्ये आलेल्या ‘ये जो है जिंदगी’ने हिंदीत तशा मालिकांना बाजारपेठ मिळवून दिली. १९९४ मध्ये अधिकारी बंधूंनी ‘श्रीमान श्रीमती’ आणली. दिग्दर्शक होते राजन वाघधरे.

कथेची कल्पना साधी होती. शेजारी शेजारी राहणारी दोन जोडपी. एका घरात केशव कुलकर्णी आणि त्याची पत्नी कोकी. दुसऱ्या घरात चित्रपट अभिनेत्री प्रेमा शालिनी आणि तिचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा. केशवला प्रेमा शालिनीचे वेड, दिलरुबाचा जीव कोकीवर. जतीन कनाकिया, अर्चना पूरणसिंग, राकेश बेदी आणि रीमा लागू या चौघांनी हा डाव वर्षानुवर्षे रंगवला. कल्पना अशी होती, की थोडा तोल गेला असता तर मालिका सवंग झाली असती. तसे झाले नाही, याचे मोठे श्रेय कोकीला द्यावे लागते.

बाकीची तीन पात्रे अतिशयोक्तीने रंगवलेली होती. केशवची धांदल, प्रेमा शालिनीचा तोरा आणि दिलरुबाचे लाडिक बोलणे यांना जमिनीवर आणणारे एक माणूस हवे होते. कोकी ते माणूस होती. स्वयंपाकघर, मुलगा, महिन्याचा खर्च आणि नवऱ्याचे बहाणे हे सारे एकाच वेळी सांभाळणारी ही बाई कोणत्याही मराठी वसाहतीत सापडली असती. दिलरुबाची स्तुती ऐकताना तिच्या चेहऱ्यावर संकोच आणि सुखावणे एकत्र उमटे. नवऱ्याने न केलेले कौतुक शेजाऱ्याकडून ऐकताना एखाद्या गृहिणीला जे वाटेल, ते रीमा यांनी शब्दाविना दाखवले. विनोदी मालिकेत एवढा सूक्ष्म अभिनय त्या काळी दुर्मीळ होता. १९९९ मध्ये जतीन कनाकिया यांचे अकाली निधन झाले आणि ही जोडी कायमची मोडली.

‘तू तू मैं मैं’ : भांडणाचा ताल

त्याच वर्षी, १९९४ मध्येच दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘तू तू मैं मैं’ सुरू झाली. पुढे १९९६ मध्ये ती स्टार प्लसवर गेली. दिग्दर्शन सचिन पिळगावकर यांचे, सुनेच्या भूमिकेत सुप्रिया पिळगावकर आणि सासूच्या भूमिकेत रीमा लागू. सासरे झाले होते कुलदीप पवार. कोल्हापूरच्या मातीतून आलेल्या या रुबाबदार अभिनेत्याला मराठी प्रेक्षकांनी नायक आणि खलनायक म्हणून पाहिले होते. सासू-सुनेच्या रणधुमाळीत सापडलेला सासरा म्हणून त्यांना पाहणे हा इथल्या प्रेक्षकांसाठी वेगळाच आनंद होता. कुलदीप पवार यांचे २०१४ मध्ये निधन झाले.

मालिका हिंदी, पण तिचा प्राण मराठी रंगभूमीचा होता. सासू-सुनेचे भांडण हा विषय ओवीपासून फार्सपर्यंत सर्वत्र चघळून झालेला. तरीही देवकी आणि राधा यांची जुगलबंदी ताजी वाटली, कारण दोघी तुल्यबळ होत्या. इथे छळणारी सासू आणि सोसणारी सून नव्हती. कधी देवकी जिंके, कधी राधा. हरणारीच्या चेहऱ्यावर पुढच्या डावाची आखणी दिसे. रीमा आणि सुप्रिया यांच्या वयात प्रत्यक्षात नऊच वर्षांचे अंतर. सुप्रिया यांचे जन्मवर्ष १९६७. गमतीचा भाग असा, की चित्रपटात रीमा यांच्या मुली झालेल्या जुही चावला आणि माधुरी दीक्षित यांचेही जन्मवर्ष तेच! चित्रपटाने हे अंतर पुसून त्यांना ‘आई’ केले. मालिकेने त्याच अंतराचा उपयोग दोन समर्थ अभिनेत्रींना एकमेकींसमोर उभे करण्यासाठी केला.

या भांडणाला ताल होता. एकीचे वाक्य संपण्याआधी दुसरीचे सुरू होई. पण एकही शब्द हरवत नसे. देवकीचा पदर खोचणे, मान वळवणे, तोंड फिरवून घेणे या हालचाली ठरावीक मात्रेवर पडत. असा ताल तालमीशिवाय साधत नाही, आणि तालीम करण्याची सवय दोघींनाही होती. भांडणाच्या तळाशी असलेला ओलावाही त्यांनी सुटू दिला नाही. देवकीच्या भूमिकेसाठी रीमा यांना विनोदी भूमिकेतील अभिनेत्रीचा इंडियन टेली पुरस्कार मिळाला. चित्रपटातील आईने जो सन्मान चार वेळा हुलकावणी देऊन नाकारला, तो छोट्या पडद्यावरील सासूने मिळवून दिला.

सासू बदलली, हसू हरपले

जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि छोट्या पडद्याचे गणितच बदलले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या विनोदी मालिकेची जागा रोजच्या कौटुंबिक नाट्याने घेतली. ज्या वाहिनीवर देवकी आणि राधा यांनी स्वयंपाकघरातील युद्धाचा हास्योत्सव केला, त्याच वाहिनीवर सासू-सुनेचे नाते कारस्थान आणि अश्रू यांचे झाले. आठवड्याला एक भाग असताना संहितेवर हात फिरवायला, प्रसंग बसवायला अवकाश मिळे. रोज एक भाग द्यायचा म्हटल्यावर तो अवकाश उरला नाही. अर्ध्या क्षणाच्या विरामावर जगणाऱ्या विनोदाला ही घाई मानवणारी नव्हती.

रीमा लागू मात्र थांबल्या नाहीत. २०१३ मध्ये झी मराठीवरील ‘तुझं माझं जमेना’मध्ये त्या पुन्हा सासू होऊन आल्या आणि मराठी प्रेक्षकांना त्यांच्या मातृभाषेत ती जुनी चमक दिसली. त्याच वर्षी गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’ चित्रपटात त्यांनी विक्रम गोखले यांच्यासोबत काम केले. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटात तर त्या पडद्यावर दिसल्याच नाहीत. कथा सांगणाऱ्या कट्यारीचा आवाज त्यांचा होता. चेहऱ्याविना, केवळ आवाजावर प्रेक्षकाला बांधून ठेवणे हे रंगभूमीने दिलेले धन अखेरपर्यंत त्यांच्यापाशी शाबूत होते.

दैवाचा योग असा, की त्यांची शेवटची मालिका रोजच्या कौटुंबिक नाट्याचीच होती. २०१६ मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या ‘नामकरण’मध्ये त्यांनी दयावंती मेहता ही करारी, कठोर स्त्री रंगवली. १७ मे २०१७ रोजी त्या या मालिकेच्या चित्रीकरणात होत्या. रात्री छातीत दुखू लागल्याने त्यांना अंधेरीतील रुग्णालयात नेण्यात आले आणि पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. एकोणसाठावा वाढदिवस महिनाभरावर आला होता.

उरते ते काय?

नाटक पडदा पडला की संपते. ‘पुरुष’मधील रीमा यांची अंबिका ज्यांनी पाहिली, त्यांच्या स्मरणातच ती आता आहे. शंभर वर्षांहून जुने केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले, तेव्हा रंगभूमीच्या वैभवाचे आयुष्य किती नाजूक असते, हे कोल्हापूरने डोळ्यांनी पाहिले. त्या मानाने दूरचित्रवाणी मालिका सुदैवी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘श्रीमान श्रीमती’चे पुनःप्रसारण केले, तेव्हा घरात अडकलेल्या आजी-आजोबांसोबत नातवंडांनीही कोकी कुलकर्णी पाहिली. २०१८ मध्ये हीच मालिका सब वाहिनीवर नव्या नटसंचात अवतरली होती. तरी कोकी म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो जुनाच चेहरा.

राजारामपुरीतील अनेक जुनी बैठी घरे आज उरलेली नाहीत. त्यांच्या जागी अपार्टमेंट आली. गच्चीवरच्या अँटेनाही गेल्या. हातातील मोबाइलवर ‘तू तू मैं मैं’चा एखादा भाग लावला, की पाठीमागच्या कृत्रिम हशाचा आवाज जुना वाटतो, सजावट जुनी वाटते, साड्यांचे रंगही जुने वाटतात. देवकीने सुनेकडे टाकलेला तो एक कटाक्ष मात्र जुना वाटत नाही. आई म्हणून रीमा लागू यांच्यापुढे प्रेक्षकांनी डोळे पुसले, हे खरेच. पण याच स्त्रीने त्यांना घरातल्या भांडणांवर, नवऱ्याच्या बहाण्यांवर आणि स्वतःच्याच हट्टावर हसायलाही शिकवले. निरोपाच्या मथळ्यांत त्या हसण्याला जागा मिळाली नाही. त्यांच्या कारकिर्दीच्या नोंदीत ती पहिल्या ओळीत असायला हवी.

दृष्टिक्षेपात

जन्म : २१ जून १९५८ (माहेरचे नाव नयन भडभडे)
प्रमुख नाटके : ‘पुरुष’, ‘सविता दामोदर परांजपे’
विनोदी मालिका : ‘श्रीमान श्रीमती’ (१९९४ पासून), ‘तू तू मैं मैं’ (१९९४ पासून), ‘तुझं माझं जमेना’ (२०१३)
अन्य मालिका : ‘खानदान’ (१९८५), ‘नामकरण’ (२०१६)
प्रमुख चित्रपट : ‘सिंहासन’, ‘कलयुग’, ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’, ‘अनुमती’
निधन : १८ मे २०१७, मुंबई